नवी मुंबई कोऱ्या जमिनीवर उभी राहिली नाही

‘सिडको आली, दलदल भरली आणि शहर वसवले.’ सिडको म्हणजे हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ, आणि नवी मुंबईचा इतिहास बहुतेकदा एवढ्यातच उरकला जातो. ठाणे खाडीच्या पूर्वेला 344 चौरस किलोमीटरवर आखलेल्या या शहरात लाखो लोकांचे संसार आहेत. त्यांतल्या अनेकांना आपल्या सेक्टरचा नंबर पाठ असतो, पण तो सेक्टर कोणत्या गावाच्या शेतावर उभा आहे, हे ठाऊक नसते. गावठाणातली घरे, पावसाळ्यात साचणारे पाणी, विमानतळाचे नाव अशा विषयांवर तावातावाने बोलताना हीच माहिती नेमकी कमी पडते. म्हणून रुजलेले काही समज तपासून पाहू.

गैरसमज: इथे आधी काहीच नव्हते.

वस्तुस्थिती: शहराच्या हद्दीत ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावे आली. आगरी, कोळी आणि कराडी समाजाची ही वस्ती. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर तिचे पोट चालत असे. पनवेलला 1852 पासून नगरपालिका आहे. बेलापूरच्या किल्ल्यावर पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा तिन्ही सत्ता नांदल्या.

ज्याला बाहेरचा माणूस दलदल म्हणतो, त्यातली बरीच जमीन कसलेली होती. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून शेतकरी खाजणाला बांध घालत आणि शेतातले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, खाडीत सोडत. बांध फुटला तर शेत नापीक होई, म्हणून त्याची राखण सगळ्या गावाने मिळून करायची. ही जमीन पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने समुद्राकडून मिळवलेली होती.

गैरसमज: शहराची कल्पना सरकारी कचेरीत जन्मली.

वस्तुस्थिती: 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडणी केली, की मुंबई उत्तरेकडे लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे नवे शहर उभारावे. पुढे सरकारने ती स्वीकारली आणि 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. पटेल आणि कोरिया दोघेही नियोजनात सहभागी झाले.

पैशाचे गणित असे होते: जमीन सरकारने संपादित करायची, सिडकोने ती विकसित करून विकायची आणि आलेल्या पैशातून रस्ते, पाणी, गटारे, शाळा उभ्या करायच्या. म्हणजे शहराचे खरे भांडवल होते ती गावकऱ्यांची जमीन.

गैरसमज: शेतकऱ्यांना जमिनीचे भरपूर पैसे मिळाले.

वस्तुस्थिती: सुरुवातीचा मोबदला इतका तुटपुंजा होता, की त्याविरुद्ध लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. जासईचे दि. बा. पाटील या लढ्याचे नेते. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले.

या लढ्यातून 1990 मध्ये साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या 12.5 टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा, असे तिचे सूत्र. सार्वजनिक सोयींसाठीची कपात वजा जाता शेतकऱ्याच्या हाती त्यातले 8.75 टक्केच येतात. विमानतळासाठी विस्थापित झालेल्या गावांना पुढे 22.5 टक्क्यांचे सूत्र मिळाले. संपादित जमिनीच्या भावात नंतर झालेल्या वाढीत मूळ मालकाचाही वाटा असतो, हे तत्त्व या लोकांनी रक्त सांडून मान्य करवून घेतले.

गावठाणांतल्या ‘गरजेपोटी बांधलेल्या घरां’चा प्रश्नही इथूनच निघतो. कुटुंबे वाढली, पण गावांची हद्द मात्र रीतसर वाढवली गेली नाही. या घरांना सरसकट अतिक्रमण म्हणणे म्हणजे निम्मीच गोष्ट सांगणे.

गैरसमज: वाशीचा पूल झाला आणि शहर भरले.

वस्तुस्थिती: खाडीवरचा पहिला पूल 1973 मध्येच झाला, पण शहर बराच काळ रेंगाळले. राज्य सरकारची मुख्य कार्यालये इकडे आणावीत, ही नियोजनकारांची आग्रही सूचना होती. मंत्रालय जागचे हलले नाही आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव टाकून टोलेजंग कचेऱ्या उभ्या राहिल्या. खरा फरक पडला तो मे 1992 मध्ये मानखुर्द ते वाशी लोकल धावू लागली तेव्हा. या रेल्वेच्या खर्चाचा 67 टक्के भार सिडकोने उचलला, उरलेला 33 टक्के रेल्वेने.

गैरसमज: हे झोपण्यापुरते शहर आहे.

वस्तुस्थिती: ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा सिडकोच्याही आधीचा. न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले आणि देशाच्या कंटेनर वाहतुकीचे मोठे केंद्र बनले. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार 1981 मध्ये तुर्भ्याला आला. 1996 पर्यंत फळे आणि भाजीपालाही आला. मुंबईकराच्या ताटातली भाजी आणि हंगामातली हापूसची पेटी आधी इथे उतरते. ती उतरवणारा माथाडी कामगार मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातून आलेला. कोपरखैरण्यात त्याच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या.

गैरसमज: खाडीकाठचे तलाव शोभेचे आहेत.

वस्तुस्थिती: ते धारण तलाव आहेत आणि शहर कोरडे ठेवण्याचे काम करतात. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली आहे. तलावाच्या तोंडाशी झडपा असतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप बंद होते आणि नाल्यांतून आलेले पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, झडप उघडते आणि पाणी खाडीत जाते. उघाडीचेही तत्त्व हेच; गावांनी शेतासाठी वापरलेले तंत्र इथे शहरासाठी वापरले गेले. मात्र तलावात गाळ साचला तर पाणी साठायला जागा उरत नाही आणि मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळी आली की सखल सेक्टरांत पाणी शिरते.

गैरसमज: नवी मुंबई मुंबईचाच भाग, आणि कारभार सगळा सिडकोचा.

वस्तुस्थिती: शहर ठाणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. नवी मुंबई महापालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 पासून सुरू झाला. खारघर, कळंबोली, कामोठे हे भाग 2016 मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत आहेत. उलवे, द्रोणागिरीसारख्या भागांत अजून सिडकोच नियोजन पाहते.

आता अटल सेतू झाला, विमानतळ झाला आणि जमिनीचे भाव पुन्हा चढत आहेत. शहर आणखी पसरेल, त्यात नवी गावे येतील. गावकऱ्यांना आधी विश्वासात घेतले नाही तर काय किंमत मोजावी लागते, हे 1984 ने दाखवले आहे. म्हणून पुढचा प्रत्येक आराखडा तपासताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: या जमिनीवर आज कोण राहते, आणि उद्याच्या शहरात त्याचा वाटा किती?