रायफल उत्तम, पण गिऱ्हाईक नाही : असे का होते?

खराद मशीनवर काम करणाऱ्या आमच्या एका तरुण कारागीर मित्राने परवा मोठ्या उमेदीने विचारले, "परदेशात रायफलींचे इतके नवनवे नमुने निघतात. मग आपल्याकडे बंदुकीच्या दुकानात गेले की तीच दुनाळी आणि तीच 315 बोअरची रायफल का दिसते? चांगला नमुना कोणी बनवला तर तो खपणार नाही काय?"

प्रश्न साधा आहे, पण त्यात व्यापाराची एक मोठी गोष्ट दडलेली आहे. कापडाच्या किंवा भांड्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक दुकानात येते, माल हाताळते, घासाघीस करते आणि पसंत पडले तर घेते. बंदुकीच्या धंद्यात निम्मी निवड गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधीच झालेली असते. ती कायदा करतो. उरलेली निवड काडतूस करते. कारागिराच्या हुन्नराचा नंबर त्यानंतर लागतो.

315 बोअरचेच उदाहरण घेऊ. ही रायफल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होत आली आहे. तिचा सांगाडा जुन्या ली-एनफील्डचा, म्हणजे पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षे पाहिलेल्या थ्री नॉट थ्रीचा. मग थ्री नॉट थ्रीचेच काडतूस का ठेवले नाही? कारण ते फौजेचे काडतूस. फौजेच्या कोठारातून चोरलेली गोळी खाजगी रायफलीत चालू नये, ही दक्षता इंग्रजांच्या काळापासून घेतली गेली. म्हणून इंग्रज कंपन्यांनी हिंदुस्थानातील खाजगी गिऱ्हाइकांसाठी ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस उचलले आणि त्याला 315 म्हटले. इंग्रज गेले, त्यांचा नियम मात्र राहिला. शस्त्र कायदा 1959 चा, त्याखालचे नियम 2016 पर्यंत 1962 चे होते. त्या नियमांत 303 किंवा 7.62 ची फौजी गोळी ज्यात बसून उडेल अशी कोणतीही रायफल मनाई असलेल्या वर्गात घातली गेली. आपोआप भरणाऱ्या, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक, रायफलींचीही तीच गत. अशा हत्याराचा परवाना जिल्हा कचेरीतून मिळत नाही, दिल्लीचे दार ठोठवावे लागते. सर्वसाधारण माणसाला तो मिळतही नाही. जगात आज ज्या रायफलींची चर्चा होते, त्यातल्या बहुतेक या एका नियमानेच आपल्या बाजाराबाहेर राहतात. त्या चांगल्या की वाईट, हा प्रश्नच उद्भवत नाही.

कायद्याने रायफल घडवली, याचे याहून जुने उदाहरण आमच्या नागपूरशी जवळचे आहे. मध्यप्रांत म्हणजे शिकारीचा मुलूख. चांदा, बालाघाट, शिवनीच्या जंगलांत साहेबलोक, जमीनदार, मालगुजार वाघ आणि गव्यामागे फिरत. त्यांच्या हातात लंडन-बर्मिंगहॅमच्या भारी दुनाळी रायफली असत आणि 450 बोअर हा त्यातला मोठा मानाचा माप. 1907 च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात 450 ची आयात बंद केली. जुन्या मार्टिनी-हेन्री या फौजी रायफलींचेही हेच माप होते आणि त्यांच्यासाठी गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी काय करावे? त्यांनी रडत न बसता माप जरासे बदलले. 465, 470, 475 अशी काडतुसे बाजारात आली. यांतले 470 तर पुढे आफ्रिकेच्या जंगलातही गाजले. माल तोच, कारागीर तेच, फक्त नळीचे माप काही शतांश इंचाने वाढले आणि दुकान चालू राहिले.

आता काडतुसाची गोष्ट. रायफल एकदाच विकत घ्यावी लागते, काडतूस पुन्हा पुन्हा. 12 बोअरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी कारखान्यात निघतात आणि कुठल्याही परवानाधारक दुकानात मिळतात. बँकेच्या दारातला पहारेकरी 12 बोअरची दुनाळी घेऊन बसतो, रानडुकरांनी हैराण झालेला शेतकरी तीच मागतो, याचे निम्मे कारण हे. 315 चेही तसेच. सरकारी कारखान्यांनी 30-06 या अमेरिकन मापाची रायफलही काढली. ती 315 पेक्षा जोरदार आहे, लांबवर नेम धरते आणि मनाईच्या वर्गात बसत नाही. तरीही 315 ची सर तिला आली नाही. गावचा पाटील विचारतो, "गोळी कुठे मिळेल?" दुकानदार जरा अडखळला की सौदा फिसकटतो.

शिवाय परवान्यावर हत्यारांची संख्या ठरलेली. 1983 च्या दुरुस्तीने ती तीनवर आणली, 2019 च्या दुरुस्तीने दोनवर. ज्याला दोनच हत्यारे ठेवता येतात तो एक संरक्षणाचे घेतो, एक शेताचे. निशाणेबाजीची नाजूक 22 बोअरची रायफल किंवा एखादा नवा नमुना हौसेने घ्यायला त्याच्याकडे जागाच उरत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारही संपली. ज्या रायफली शिकारीसाठीच बनल्या होत्या त्यांना काम राहिले नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारण नागरिकांसाठी आयात बंद झाली, म्हणून जुन्या विलायती हत्यारांचे भाव अव्वाच्या सव्वा चढले. भाव चढला म्हणजे खप वाढला असे मात्र समजू नये.

हे सारे आपल्याकडेच घडते असेही नाही. कॅनडा हा शिकारीचा देश. तेथे वीस लाखांहून अधिक लोकांकडे बंदुकीचा परवाना आहे. बाजार मोठा, पैसा भरपूर, तरीही कित्येक नमुने तेथे आपटले. पहिला त्यांचा स्वतःचाच. सर चार्ल्स रॉस यांची रायफल क्वेबेकच्या कारखान्यात बने. चांदमारीच्या मैदानावर तिच्या अचूकपणाची वाहवा होई. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या चिखलात तिचा बोल्ट अडकू लागला. कॅनडाचे शिपाई मेलेल्या इंग्रज सोल्जरांच्या ली-एनफील्ड उचलून लढले आणि 1916 साली रॉस मागे घेतली गेली. पुढे युद्धातून उरलेल्या ली-एनफील्ड स्वस्तात विकल्या गेल्या आणि त्या तिथल्या शेतकऱ्याच्या घरोघरी पोहोचल्या. म्हणजे पाहा, आपल्याकडे खाजगी माणसाने जिला हात लावू नये ती थ्री नॉट थ्री तिकडे हरणाच्या शिकारीची गरिबाची रायफल झाली. उत्तरेच्या बर्फात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सनी तर ती 1947 पासून जवळजवळ सत्तर वर्षे वापरली. थंडीत गोठत नाही, बिघडत नाही, एवढाच तिचा गुण.

दुसरा नमुना अमेरिकेच्या एआर-15 चा. शेजारच्या अमेरिकेत ती धडाक्याने विकली जाई. कॅनडात तिचा वर्ग असा ठरला की ती घेऊन शिकारीला जाता येत नसे, फक्त मान्य चांदमारीच्या मैदानावर चालवता येई. शिवाय अशा सेमी-ऑटोमॅटिक रायफलीच्या मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या आणि नळी 470 मिलिमीटरहून तोकडी असली तर बंधने वाढत. मग काही कारखान्यांनी खास कॅनडासाठी लांब नळीचे निराळे नमुने काढले आणि ते खपूही लागले. पण 1 मे 2020 रोजी सरकारने एका हुकुमाने सुमारे 1500 प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. डिसेंबर 2024 आणि मार्च 2025 मध्ये यादी आणखी लांबली. ज्या दुकानदारांनी भांडवल घालून माल भरला होता त्यांचा तो कुलपात पडून राहिला आणि भरपाईची योजना दुकानदारांसाठी सुरू व्हायला 2024 चा नोव्हेंबर उजाडावा लागला. साडेचार वर्षे भांडवल अडकले तर काय होते, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको.

आपल्याकडे आता खाजगी कारखान्यांनाही हत्यारे बनवण्याचे परवाने मिळू लागले आहेत. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट या जुन्या नावाने उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात काम सुरू केले, तेव्हा पहिला माल कोणता काढला? 32 बोअरचे रिव्हॉल्व्हर. कानपूरचा सरकारी कारखाना वर्षानुवर्षे विकत आला तेच माप. एवढ्या जुन्या कंपनीला नवा नमुना सुचला नसता असे नाही, पण त्यांनी आधी परवान्याचे कागद पाहिले असावेत.

आमच्या मित्राचा आणखी एक गैरसमज होता. अंबाझरीचा कारखाना जवळच आहे, तेथे रायफली बनत असतील, असे तो धरून चालला होता. अंबाझरीला तोफगोळ्यांची कवचे व धातूचे भाग होतात, रायफली नाही. आणि शेवटी त्याने जे विचारले त्याचे उत्तर येथे छापणे आम्हाला अगत्याचे वाटते. कोणी ओळखीचा आपली दुनाळी घेऊन आला, घोड्याची स्प्रिंग मोडली आहे किंवा नळी थोडी कापून दे म्हणाला, तर खराद मशीनवर ते काम तासाभराचे आहे. पण शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक बनवणे जसे परवान्याचे काम, तसेच ती दुरुस्त करणेही. नळी आखूड करण्यासाठी सहावे कलम वेगळे आहे. 2019 नंतर या गुन्ह्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. बंदूकवाल्याकडे स्वतःचा परवाना असला तरी तो दुरुस्त करणाऱ्याच्या कामी येत नाही. ज्याच्या दुकानाला दुरुस्तीचा परवाना आहे त्याचा पत्ता द्यावा आणि मशीनला पंपाचा शाफ्ट लावावा.