व्याख्यानाच्या तयारीचा दिवस

सकाळी ६. डांगे चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत पोरं उभी आहेत. संध्याकाळी थेरगावातल्या आमच्या अभ्यासवर्गात मला बोलायचंय: इस्लामवादी संघटना माणूस आपलासा कसा करतात?

८. सुरुवात इजिप्तपासून. हसन अल-बन्ना हे शाळामास्तर. १९२८ मध्ये इस्माइलियात त्यांनी मुस्लिम ब्रदरहूड काढली. तिथे अर्ज भरला की सदस्य, असं होत नाही. आधी सहानुभूतीदार, मग एकेक पायरी, त्यात वर्षं जातात. प्रत्येकाला ‘उसरा’ नावाचा छोटा गट मिळतो. दर आठवड्याला भेट, वाचन, एकत्र नमाज, अडीनडीला मदत. पूर्ण सदस्य होईपर्यंत मित्र आतले, पुष्कळदा सोयरीकही आतलीच. मग विचार पटेनासे झाले तरी बाहेर पडायचं म्हणजे सगळं गणगोत सोडायचं. माझ्या मते खरी पकड इथे आहे. विचारसरणी बरीच नंतर येते.

११. मौलाना मौदुदींचा जन्म १९०३ चा, आपल्या औरंगाबादचा. १९४१ मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापली, तीही पारखून घेतलेल्या मोजक्या सदस्यांची. भारतातल्या जमातीच्या छायेत १९७७ मध्ये अलीगढला ‘सिमी’ ही विद्यार्थी संघटना निघाली, पुढे तिच्यापासून तुटली. सिमीच्या सदस्यांना वयाची मर्यादा तीस होती. सप्टेंबर २००१ मध्ये तिच्यावर बंदी आली. जमात आणि सिमी यांना एका मापाने मोजू नका, हे टिपणात ठळक लिहिलं.

१. जेवण.

२. कल्याण. मे २०१४ मध्ये तिथले चार तरुण यात्रेकरूंसोबत इराकला गेले आणि ‘इसिस’कडे वळले. इथे वर्षानुवर्षांची पारख नव्हती. मोबाइलवरचा अनोळखी माणूस थेट पोराच्या खोलीत पोचत होता, आणि घरच्यांना पत्ता नव्हता.

५. चाकणच्या कारखान्यातल्या एका सुपरवायझरचा फोन. “सर, आमचा एक पोरगा दाढी ठेवायला लागलाय, नमाज चुकवत नाही. कुणाला कळवू का?” मी म्हणालो, “अजिबात नको. देवाधर्माचं करणं हा पुरावा नाही. जुने दोस्त तोडतोय का, आई-बापालाही काफिर म्हणतोय का, ते बघा. आणि आधी त्याच्याशी बोला.”

७. वर्गात हमीद दलवाईंविषयी बोललो. २२ मार्च १९७० ला पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. धर्माच्या राजकारणाला समाजाच्या आतूनच प्रश्न विचारणारी माणसं तेव्हाही होती.

८.३०. शेवटी एवढंच मागितलं: मुलगा हरवल्याची तक्रार घेऊन कल्याणमध्ये पोलिसांकडे गेले ते घरचेच होते. अशा घरांकडे संशयाने पाहू नका, त्यांच्या सोबत उभे राहा.