माहिती तंत्रज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण : प्रवेश घेण्यापूर्वी

पदवी परीक्षेचे निकाल जाहीर झाले की आपल्या धर्मप्रांतातील अनेक घरांत एकच प्रश्न चर्चिला जातो : मुलाने अथवा मुलीने आता नोकरी धरावी की पुढे शिकावे? पुढे शिकावयाचे तर माहिती तंत्रज्ञानाचे नाव हमखास पुढे येते. वाडीचा एखादा तुकडा विकून किंवा बँकेचे कर्ज काढून फी भरणारी कुटुंबे आपल्यात कमी नाहीत. मात्र ज्या अभ्यासक्रमासाठी एवढी झीज सोसायची, त्यात नेमके काय शिकविले जाते, हे पुष्कळदा पालकांना ठाऊक नसते आणि खरे सांगायचे तर विद्यार्थ्यांनाही नसते. म्हणून ह्या विषयाची काही माहिती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

प्रथम नावांचा गोंधळ दूर करू. महाराष्ट्रात ह्या क्षेत्राकडे नेणाऱ्या मुख्य वाटा तीन आहेत. एमसीए हा व्यावसायिक अभ्यासक्रम असून पूर्वी तो तीन वर्षांचा होता. 2020-21 पासून तो दोन वर्षांचा झाला. राज्याच्या सीईटी कक्षातर्फे होणारी प्रवेश परीक्षा आणि त्यानंतरच्या केंद्रीभूत फेऱ्या यांमधून त्याचे प्रवेश होतात. एमएस्सी आयटी हा विद्यापीठाच्या विज्ञान शाखेचा अभ्यासक्रम असून त्यात संशोधन प्रकल्पावर भर असतो. तिसरी वाट एमटेकची. ती मुख्यत्वे अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी आहे. गेट परीक्षेत उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एमटेकला प्रवेश मिळविणाऱ्यांना दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते, ही गोष्ट आपल्याकडील अभियंत्यांना माहीत असते खरी, पण गेटसाठी वर्षभर बसण्याची तयारी फार थोडे जण दाखवितात.

ह्यांपैकी कोणती पदवी श्रेष्ठ, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. हेतू मात्र वेगळे आहेत. कंपनीत सॉफ्टवेअर घडविण्याचे काम करावयाचे असेल तर एमसीए सरळ मार्ग आहे. महाविद्यालयात शिकविण्याची ओढ असणाऱ्याने एमएस्सीचा विचार अवश्य करावा. पदव्युत्तर परीक्षेत किमान 55 टक्के गुण आणि नेट अथवा सेट उत्तीर्ण असल्यास सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. आपल्या ख्रिस्ती संस्थांच्या महाविद्यालयांतून संगणक विषय शिकविले जातात; तेथे शिकविण्यासाठी आपल्याच धर्मग्रामांतून माणसे तयार व्हावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता अभ्यासाच्या गाभ्याकडे वळू. माहितीची रचना, अल्गोरिदम, डेटाबेस, नेटवर्क, संगणकाची कार्यप्रणाली, माहितीची सुरक्षा असे विषय बहुतेक ठिकाणी असतात. ही नावे ऐकून सामान्य माणूस बिचकतो. त्याच्यासाठी आपण धर्मग्रामाच्या कार्यालयातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचे उदाहरण घेऊ.

ह्या वहीत नोंदी तारखेच्या क्रमाने असतात. कोणी आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास आला आणि त्याला साल ठाऊक नसेल, तर कारकुनाला पान अन् पान चाळावे लागते. हजार नोंदी असतील तर हजारावी नोंद सापडेपर्यंत सर्व पाहण्याची पाळी येऊ शकते. पण आडनावांची अक्षरानुक्रमे सूची तयार केलेली असेल तर? सूचीचे मधले पान उघडावयाचे, हवे ते नाव त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे ते पाहावयाचे आणि नको असलेला अर्धा भाग सोडून द्यावयाचा. असे केल्यास हजार नावांत सुमारे 10 पायऱ्यांत शोध संपतो. गंमत पुढेच आहे : नावे दहा लाख झाली तरी पायऱ्या लागतात अवघ्या 20 च्या आसपास. कामाचा आकार हजारपटीने वाढला आणि श्रम फक्त दुप्पट झाले. अल्गोरिदम ह्या भारदस्त शब्दामागे हीच विचारपद्धती आहे आणि एमसीए किंवा एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला ती अंगवळणी पाडावी लागते.

उदाहरण येथेच संपत नाही. कॅनन कायद्याच्या 535 व्या कलमानुसार बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीच्या नोंदीपुढे तिच्या दृढीकरणाची व विवाहाची नोंदही करावी लागते. समजा, बाप्तिस्मा वसईतील एका धर्मग्रामात झाला आणि विवाह मुंबईतील दुसऱ्या चर्चमध्ये. तर विवाह लावणाऱ्या धर्मग्रामाने बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला तसे कळवावयाचे असते. पत्र गहाळ झाले की एका वहीत ती व्यक्ती विवाहित आणि दुसरीत अविवाहित! एकच माहिती दोन ठिकाणी असली आणि एकाच ठिकाणी बदलली की ती परस्परविरोधी होते. बँकेचे पैसे एका खात्यातून वजा झाले पण दुसऱ्यात जमा झाले नाहीत, ही चूक त्याच जातीची आहे. ती होऊ नये म्हणून माहितीची मांडणी कशी करावी, निरोप मध्येच हरवला तर व्यवहार पूर्ववत कसा करावा, हे डेटाबेस ह्या विषयात शिकवितात. ख्रिस्तसभेने हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी ओळखला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

संगणकशास्त्राशी ख्रिस्तसभेचे नाते तसे जुनेच. इटलीचे येशूसंघीय धर्मगुरू फादर रोबेर्तो बुसा यांनी 1949 साली आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांची भेट घेतली आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या समग्र साहित्याची शब्दसूची यंत्राच्या साहाय्याने करण्याचे काम हाती घेतले. सुमारे एक कोटी दहा लाख शब्दांची ती सूची पुढे 56 खंडांत छापली गेली. अमेरिकेतील सिस्टर मेरी केनेथ केलर यांनी 1965 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्या देशातील ह्या विषयाच्या अगदी पहिल्या डॉक्टरेटधारकांत त्यांची गणना होते. आणि 7 सप्टेंबर 2025 रोजी संतपदी विराजमान झालेले कार्लो आकुतीस यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी मृत्यू येण्यापूर्वी पवित्र मिस्साबलीदानाशी निगडित चमत्कारांची माहिती संगणकावर संकलित केली होती, हे आपल्या युवकांना ठाऊक आहेच.

आता थोडे कटू, पण आवश्यक. गणिताशी वैर धरून ह्या क्षेत्रात येऊ नये. एमसीएसाठी पूर्वी बारावीला किंवा पदवीला गणित असणे बंधनकारक होते. अलीकडच्या नियमांनी ते दार काहीसे सैल केले असून गणित न घेतलेल्यांना सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तथापि एनआयटी संस्थांतील एमसीएसाठी होणारी निमसेट परीक्षा द्यावयाची तर गणित अथवा संख्याशास्त्र शिकलेले असणे आवश्यक आहे. म्हणजे अकरावीत 'कठीण' म्हणून गणित सोडणारी मुले नकळत पाच वर्षांनंतरची एक वाट बंद करीत असतात. पालकांनी हा विचार पदवीनंतर नव्हे, दहावीनंतरच करावयास हवा.

दुसरा भ्रम असा की, पदवी हाती आली की नोकरी ठेवलेलीच. साचेबद्ध प्रोग्राम लिहिण्याचे बरेचसे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागली आहेत. पोप लिओ चौदावे यांनी 10 मे 2025 रोजी कार्डिनल महोदयांपुढे बोलताना ह्या बदलाची तुलना औद्योगिक क्रांतीशी केली आणि आपण लिओ हे नाव घेण्यामागे 1891 च्या 'रेरूम नोवारूम' ह्या परिपत्रकाची आठवण असल्याचे सांगितले. ज्याचा पाया कच्चा आहे आणि ज्याने केवळ एखादी प्रोग्रामिंग भाषा पाठ केली आहे, त्याला ह्या बदलाची झळ आधी लागेल, असे आमचे मत आहे. ज्याला वरील नोंदवहीचा प्रश्न स्वतः मांडता येतो, त्याला यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक हेही ठरविता येते.

पैशाचा हिशेबही मोकळेपणाने मांडू. समजा, चार लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के सरळ व्याजाने घेतले आणि ते दोन वर्षांच्या आरंभी दोन-दोन लाखांनी उचलले. बहुतेक बँका शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता मागत नाहीत. पण व्याज थांबत नाही. पहिल्या दोन लाखांवर तीन वर्षांचे 60 हजार, दुसऱ्या दोन लाखांवर दोन वर्षांचे 40 हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच देणे पाच लाखांवर गेलेले असते. शिक्षण चालू असताना निदान व्याज तरी भरीत गेल्यास हा भार टळतो. चार लाखांपर्यंतच्या कर्जासाठी सामान्यतः तारण लागत नाही, तेव्हा घाईघाईने जमीन काढण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी. ख्रिस्ती समाज अधिसूचित अल्पसंख्याक असल्याने मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जासाठी, तसेच महाडीबीटी पोर्टलवरील अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना मात्र 2022 मध्ये बंद झाली आहे. जुनी माहितीपत्रके हाती असल्यास तिच्या भरवशावर राहू नये.

घरची जबाबदारी असल्याने नोकरी सोडता येत नाही, अशांची संख्या आपल्यात मोठी आहे. त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा एमसीए आहे आणि मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण केंद्रही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या दूरस्थ पदवीला नियमित पदवीइतकाच दर्जा आहे. परंतु मान्यता त्या वर्षासाठी व त्या अभ्यासक्रमासाठी आहे ना, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे. दलालाच्या शब्दावर विसंबू नये. पत्रव्यवहाराने अभियांत्रिकीची पदवी देणाऱ्या काही अभिमत विद्यापीठांच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये अडचणीत आणल्या, तेव्हा हजारो नोकरदारांची झोप उडाली होती. विरार लोकलच्या गर्दीत उभ्याने अभ्यास करून मिळविलेली पदवी कागदाचा तुकडा ठरावी, याहून मोठे दुःख कोणते?

प्रवेशाच्या कागदपत्रांविषयी एक सूचना. ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थांमध्ये आपल्या समाजासाठी जागांचा ठरावीक हिस्सा असतो. तेथे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माची नोंद पाहिली जाते, तर काही संस्था बाप्तिस्म्याचा दाखला वा प्रमुख धर्मगुरूंचे पत्रही मागतात. दोन्ही दाखल्यांत नावाचे स्पेलिंग वेगळे असेल तर दुरुस्तीस वेळ लागतो आणि फेरीची मुदत कोणासाठी थांबत नाही. गेटची नोंदणी परीक्षेच्या कित्येक महिने आधी, साधारणतः गणेशोत्सवाच्या सुमारास असते, तर एमसीएच्या सीईटीचे अर्ज पदवीचे अखेरचे सत्र चालू असतानाच निघतात. तेव्हा पदवीच्या अंतिम वर्षास असलेल्यांनी नाताळच्या सुटीतच हे दाखले ताडून पाहावेत आणि चूक आढळल्यास धर्मग्राम कार्यालयात लेखी अर्ज द्यावा.