मौन आणि मूकता

घरात आई-वडिलांशी, भावंडांशी मनमोकळे बोलणारी तिशीतील एखादी स्त्री कार्यालयात, दवाखान्यात किंवा पाहुण्यांसमोर एक शब्दही उच्चारू शकत नाही. शब्द मनात तयार असतात, पण कंठाबाहेर पडत नाहीत. घरचे म्हणतात, "स्वभावच शांत आहे." मौनाला साधना मानणाऱ्या कुटुंबात तर त्याचे कौतुकही होते. मात्र मौन स्वेच्छेने धरता येते, तसेच सोडताही येते. येथे ती मुभाच नसते.

या अवस्थेस 'सिलेक्टिव्ह म्युटिझम', म्हणजे निवडक मूकता म्हणतात. १८७७ मध्ये जर्मन वैद्य अडॉल्फ कुसमाउल यांनी तिला 'ऐच्छिक' वाचाहीनता म्हटले आणि हट्टीपणाचा ठपका दीर्घकाळ चिकटून राहिला. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने तिची गणना चिंताविकारांत केली. हा विकार बहुधा बालपणीच सुरू होतो. उपचार न मिळाल्यास काहींच्या बाबतीत प्रौढपणीही टिकतो.

प्रौढ व्यक्तीची खरी कोंडी अशी, की मदत मागण्यासाठीही बोलावे लागते. दवाखान्यात दूरध्वनी करणे हाच पहिला अडथळा ठरतो. म्हणून प्रारंभ लेखी करावा. कोठे बोलता येते, कोठे नाही, केव्हापासून आणि त्यामुळे काय अडते, हे एका पानावर लिहून ईमेलने किंवा संदेशाने पाठवावे. पहिल्या भेटीत लेखी उत्तरे चालतील का, सोबत घरचे माणूस आणता येईल का, हेही विचारावे. या प्रश्नांना मिळणाऱ्या उत्तरावरून तज्ज्ञाची समजूत कळते.

निदान आणि आवश्यक तेथे औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात. समुपदेशनासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ निवडावेत. चिंताविकारांवरील उपचारांचा त्यांना अनुभव असावा. उपचार पायरीपायरीने चालतात: प्रथम खूण, मग घरी ध्वनिमुद्रित केलेला आवाज, कुजबुज, एखादा शब्द. परिचित व्यक्ती आरंभी जवळ बसते आणि हळूहळू दूर होते.

केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. स्वतः बोलणे अशक्य असल्यास त्या व्यक्तीच्या संमतीने नातेवाइकांनी संपर्क साधावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांचा आणि गोपनीयतेचा हक्कही दिला आहे.

कुटुंबीयांचे काम लहान, तरी अवघड आहे. प्रश्न तिला विचारला गेला असेल, तर उत्तर आपण देण्याची घाई करू नये. काही क्षण थांबावे. आणि शब्द उमटलाच, तर "बोललीस एकदाची!" असा गवगवा न करता संभाषण सहज पुढे न्यावे. त्या सहजतेतच पुढच्या शब्दाला धीर मिळतो.