थोरिन गाऊ लागतो तेव्हा

१९८०च्या दशकाच्या अखेरीस डोंबिवली पूर्वेला आमच्या शेजारच्या इमारतीत एक संगणक आला. ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची ही परवान्याने निघालेली भारतीय आवृत्ती होती, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सची. सगळा जीव कळफलकातच. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि खेळ टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून यंत्रात भरायचा. टीव्हीच्या कडांना निळेपिवळे पट्टे धावत, कर्कश चिरचिर चाले, आणि काही मिनिटांनी खेळ सुरू होई किंवा होत नसे. न झाला तर टेपचे हेड स्क्रू-ड्रायव्हरने किंचित फिरवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्यातला एक खेळ होता ‘द हॉबिट’. टॉल्किनची १९३७ची कादंबरी आम्ही वाचलेली नव्हती. पडद्यावर प्रसंगाचे वर्णन येई, काही ठिकाणी आधी रेघा आणि मग रंग भरत चित्र उमटे, आणि पुढे काय करायचे ते आपण इंग्रजी वाक्यात टाइप करायचे. आम्ही मराठी माध्यमाची मुले. उत्तर विपरीत आले की आपले वाक्य चुकले असे समजून क्रियापद बदलायचो, ‘द’ घालायचो, काढायचो. नक्कल केलेल्या कॅसेटबरोबर माहितीपुस्तिका नसे. ती असती तर बराच मनस्ताप वाचला असता, कारण हा खेळ इतका मोठा आणि गुंतागुंतीचा आहे की तो कधी पूर्णपणे निर्दोष होईल याची हमी देता येत नाही, अशी कबुली खुद्द निर्मात्यांनीच देऊन ठेवली होती.

हा खेळ १९८२चा, ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचा. बीम सॉफ्टवेअरमध्ये अर्धवेळ काम करणारी विद्यापीठातली विद्यार्थिनी वेरोनिका मेगलर आणि तिचा सहकारी फिलिप मिचेल हे त्याचे मुख्य कर्ते. मिचेलने वाक्य उलगडणारा भाग लिहिला. त्याचे नाव ‘इंग्लिश’च, फक्त स्पेलिंग मुद्दाम बिघडवलेले. त्या काळचे बहुतेक खेळ ‘दिवा घे’ एवढी दोन शब्दांचीच आज्ञा ओळखत. याला क्रियाविशेषणांसह पुरे वाक्य चाले. आम्हाला घाबरवले ते याच मोकळिकीने. दोनच शब्दांची मुभा असती तर व्याकरणाचा संशय आला नसता.

मेगलरचे काम याहून धाडसी होते. तोवरच्या साहसखेळांत, म्हणजे क्राउदर आणि वुड्स यांच्या प्रसिद्ध गुहेच्या खेळातसुद्धा, जग बहुतांशी आपली वाट पाहत बसलेले असे. तिने पात्रांना स्वतःचा दिनक्रम दिला. प्रत्येकाजवळ कृतींची एक यादी आणि यादीत मधूनमधून निवडीच्या जागा. आपण काही टाइप न करता बसून राहिलो तरी खेळातला काळ सरकतो. गॅन्डाल्फ उठून चालू लागतो, थोरिन खाली बसतो आणि सोन्याचे गाणे म्हणू लागतो. वस्तूंना आकार, वजन, कठीणपणा. पिंपात बसलेले असताना कोणी ते पिंप चोरदरवाजातून खाली टाकले, तर त्याबरोबर आपणही खाली. हे सारे ४८ किलोबाइटांत, आणि त्यातलीही जवळजवळ सात पडद्यालाच लागत.

आपल्याकडे वगात कथानकाचा सांगाडा ठरलेला असतो, बोलणे ऐनवेळचे. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके काय भर घालतील हे लेखक वसंत सबनीसांनाही आधी सांगता आले नसते. पण सोंगाड्या कितीही भरकटला तरी मूळ गोष्टीवर परत येण्याचे भान त्याला असते. मेगलरच्या पात्रांना तेवढे भान नव्हते. ज्याच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही असे पात्र आपल्या नकळत, दुसऱ्याच ठिकाणी, कोणाशी तरी लढून मरू शके. ड्रॅगनला मारायचे तर बार्डला बाण सोडायला सांगावे लागते. सांगायला बार्ड उरला पाहिजे.

याला चूक म्हणावे का? मला वाटते, नाही. जे पात्र आपल्या मर्जीने गाऊ शकते त्याला आपल्या मर्जीने मरताही येणार. कादंबरीकार पात्राला मोकळे सोडल्याचे सांगतो तेव्हाही लेखणी त्याच्याच हातात असते. इथे ती खरोखर सुटलेली होती.

पण काही दोष निव्वळ दोषच होते, ते या सबबीखाली झाकू नयेत. स्पेक्ट्रमवर अर्धा खेळ कॅसेटवर जपून ठेवण्याची सोय सदोष होती. पहिल्या आवृत्तीतल्या चुका दुरुस्त करणारी १.१ आवृत्ती निघाली, तर तिच्यात नवीच चूक शिरली: खेळ शेवटाला नेताच येईना. म्हणून १.२ काढावी लागली. म्हणजे काही काळ दुकानात अशी कथा विकली जात होती जिचा शेवट कोणालाच, कितीही शुद्ध इंग्रजी लिहून, गाठता येणार नव्हता.

हे मला कळले ते चाळिशी ओलांडल्यावर. आता हा खेळ साध्या लॅपटॉपवर चालवता येतो, इतकेच नव्हे तर आपल्याला न दिसणारी पात्रे त्या क्षणी कुठे काय करीत आहेत हेही शेजारच्या चौकटीत पाहता येते. मी एका संध्याकाळी एकही आज्ञा न देता ते नुसते पाहत बसलो.

आमची कॅसेट कोणत्या आवृत्तीची नक्कल होती हे आता समजायचे नाही. मित्राच्या आईने तिच्यावर पुढे रेडिओवरची भावगीते भरून घेतली.