सर्पगंधेची मात्रा
दादर स्थानकाच्या पश्चिमेकडील बाजारात आयुर्वेदिक औषधांची जी दुकाने आहेत, त्यांत सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या आजही मिळतात. आणि कोणाला झोप लागत नाही, कोणाचा रक्तदाब चढला आहे, कोणाच्या घरातले माणूस फार बिथरले आहे, म्हणून लोक त्या घेऊनही जातात. तेथून पायी अर्ध्या तासावर असलेल्या परळच्या के. ई. एम. इस्पितळातील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी याच मुळीची आधुनिक वैद्यकाच्या रीतीने परीक्षा केली आणि तिच्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले, ही हकिगत मात्र दादरकरांनाही फारशी ठाऊक नसते.

उन्मादावर ही मुळी देण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिचे दोन्ही गुण, म्हणजे चढलेला रक्तदाब उतरवणे आणि क्षुब्ध मनोरुग्णास शांत करणे, लिहून ठेवले होते. परंतु तो लेख परदेशी फारसा कोणी वाचला नाही. १९४९ मध्ये डॉ. वकिलांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हा हे चित्र पालटले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरी सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांस देऊन पाहिल्याचा वृत्तांत दिला, आणि १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन या दोघांचीही नावे आली.

ज्या रोग्यांना तोवर कोंडून ठेवणे, बांधून ठेवणे किंवा विजेचे झटके देणे यांपलीकडे फारसा इलाज नव्हता, त्यांच्यातील कित्येक रेसर्पिनने शांत झाले, बोलू लागले. पॅरिसमध्ये १९५२ पासून वापरात आलेल्या क्लोरप्रोमाझिनने तेच कार्य अधिक त्वरेने केले. या दोन औषधांनी मनोरुग्णालयांचे रूप पालटले असे मी म्हणतो, ते पूर्ण जबाबदारीने.

आता रेसर्पिन काय करते ते पाहू. मेंदूतील मज्जातंतूंच्या टोकांशी डोपामिन, सेरोटोनिन, नॉरएड्रेनलिन अशी निरोप वाहणारी द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन या पिशव्यांत द्रव्य भरण्याचे कामच बंद पाडते, आणि साठा हळूहळू रिता होतो. भ्रम आणि भास यांचा आवेग ओसरण्याचे कारण हे, आणि अंग जड होणे, नाक चोंदणे, हातपाय ताठरणे, कंप सुटणे, कधी मन खिन्न होऊन आत्मघाताचा विचार डोकावणे, यांचेही मूळ तेच. खिन्नतेच्या नोंदींचा अर्थ कसा लावावा याविषयी अभ्यासकांत पुढे मतभेद झाले खरे, पण ज्याला पूर्वी औदासीन्याचा विकार झाला आहे त्याला हे औषध देऊ नये, हा दंडक कायम राहिला. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिद कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल पडलेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालतेचालते केले, आणि त्यातून पार्किन्सनच्या आजाराच्या उपचाराची वाट निघाली, इतके हे कार्य मूलगामी आहे.

मात्रेचा प्रश्न येथेच उभा राहतो. रक्तदाबासाठी रेसर्पिन दिवसाला मिलिग्रॅमच्या दशांशापासून चतुर्थांशापर्यंत पुरते. मनोविकारात ते याच्या कित्येक पटींनी द्यावे लागे, आणि परिणाम औषध थांबवल्यावरही दिवसच्या दिवस टिकत असे. म्हणून, तसेच नवी औषधे आल्यामुळे, मनोविकारावर ते आज जवळजवळ कोणी देत नाही. परंतु दुकानातील गोळीतही तेच द्रव्य आहे, आणि ‘वनस्पतीचे आहे, अपाय कसला’ हा विश्वास मला अत्यंत धोक्याचा वाटतो. घरातील बिथरलेल्या माणसाला ती परस्पर देणे, किंवा रक्तदाबाची वा खिन्नतेची गोळी चालू असता तिची भर घालणे, यांतून रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो.

आज मनोविकारतज्ज्ञ देतात ती औषधे निराळी, पण तीही निर्धोक नव्हेत. हॅलोपेरिडॉलने अंग ताठरते. ओलान्झापिनने वजन आणि रक्तातील साखर वाढते. क्लोझापिन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या छिन्नमनस्कतेवर सर्वांत प्रभावी. परंतु १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्याने काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या की त्यातून मृत्यू ओढवले, आणि अनेक देशांतून ते मागे घेण्यात आले. १९८८ च्या अमेरिकन परीक्षणाने त्याची उपयुक्तता सिद्ध केल्यावर ते परतले, ते रक्ततपासणीच्या अटीवर.

ही अट पाळणे कोकणातून रात्रभराच्या गाडीने दादरला उतरून परळला येणाऱ्या कुटुंबाला किती जड जाते, याची दखल आपण पुरेशी घेतलेली नाही. पहिले काही महिने दर आठवड्याची तपासणी गावाजवळ करून तिचा आकडा डॉक्टरांना दूरध्वनीवरून कळवण्याची तजवीज इस्पितळाने आणि तालुक्याच्या दवाखान्याने मिळून करावयास हवी. घरच्यांनी दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी : बरे वाटले म्हणून गोळी एकाएकी बंद करू नये, कारण आजार उलटतो, आणि क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर साधी सर्दी समजून थांबू नये, त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.