तंजावरचे मोडी दप्तर आणि संगणकीय भाषाविज्ञानाच्या परिषदा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवर दुसऱ्या सरफोजींच्या कारकीर्दीत, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविण्यात आला. हा लेख देवनागरीत आहे. महाराष्ट्रातून गेलेला कोणीही साक्षर यात्रेकरू त्याची अक्षरे लावू शकतो. परंतु ज्या राज्याने हा लेख कोरविला त्याचा रोजचा कारभार, म्हणजे धान्याचे हिशेब, देवस्थानांच्या नेमणुका, छत्रांचा खर्च, पत्रे आणि आज्ञा, हे सारे मोडीत लिहिले जात होते. या दप्तराचा मोठा भाग सुरक्षित आहे. पण तो वाचू शकणारी माणसे थोडी आहेत आणि मोडीबरोबर तामिळही जाणणारी त्याहून थोडी. तेव्हा हे दप्तर वाचण्याच्या कामी यंत्राचे साहाय्य होईल काय, असा प्रश्न सहजच उद्भवतो. त्याचे उत्तर केवळ यंत्राच्या सामर्थ्यावर अवलंबून नाही. संगणकीय भाषाविज्ञान आणि तर्कशास्त्र यांच्या विद्वत्परिषदांत कोणती सामग्री मांडली जाते, यावर ते बव्हंशी अवलंबून आहे. हा संबंध साहित्याच्या अभ्यासकांसमोर स्पष्ट करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘परिषद’ या शब्दाविषयी. साहित्याच्या क्षेत्रात परिषद म्हटली की अध्यक्षीय भाषण, निबंधवाचन आणि चर्चा असे चित्र आपल्यापुढे उभे राहते. संगणकीय भाषाविज्ञानात परिषदेचे स्थान निराळे आहे. तेथे पूर्ण निबंध काही महिने अगोदर पाठवावा लागतो. लेखकाचे नाव झाकून तज्ज्ञ त्याची परीक्षा करतात. पुष्कळ निबंध नाकारले जातात. आणि स्वीकृत निबंधांच्या संग्रहाला संशोधनपत्रिकेइतकीच प्रतिष्ठा असते. याखेरीज अशा परिषदांत आणखी एक प्रथा रूढ झाली आहे. तिला ‘सामायिक कसोटी’ म्हणता येईल. आयोजक एकच मजकूर सर्व संशोधकांच्या हाती देतात, त्यावर एकच काम नेमून देतात, आणि सर्वांचे निकाल एकाच मापाने मोजतात. शब्द ओळखा, भाषा ओळखा, भाषांतर करा, असे हे काम असते. परिणाम असा होतो की ज्या भाषेचा, ज्या काळचा आणि ज्या लिपीतला मजकूर कसोटीसाठी ठेवला जातो, त्याच्याभोवती पुढील कित्येक वर्षांचे संशोधन गोळा होते. जो मजकूर तेथे ठेवला जात नाही, तो यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

भारतीय भाषांपुरते पाहावयाचे तर या परिषदांचा इतिहास फार जुना नाही. संस्कृत व्याकरण आणि यंत्रातील ज्ञाननिरूपण यांचे साम्य दाखविणारा रिक ब्रिग्ज यांचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, या विषयावर बंगळूर येथे राष्ट्रीय परिषद भरली. १९९५ साली अक्षर भारती, विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांचा पाणिनीय दृष्टीने भाषाप्रक्रियेचा विचार करणारा ग्रंथ आला. त्यातील कारकविचार पुढे अनेक भारतीय भाषांच्या वाक्यविश्लेषणास आधारभूत ठरला. संस्कृत संगणकीय भाषाविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद २००७ साली फ्रान्समध्ये सुरू झाली आणि २०१३ साली तिचे अधिवेशन मुंबईस झाले. १९६५ साली न्यूयॉर्क येथे आरंभ झालेली ‘कोलिंग’ ही जागतिक परिषद डिसेंबर २०१२ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भरली. तर्कशास्त्र आणि त्याचे उपयोजन या विषयाची भारतीय परिषद २००९ आणि २०१३ या वर्षी चेन्नईस, तर २०१५ साली मुंबईस झाली.

अशा परिषदांतून निघणारे निर्णय किती दूरवर पोहोचतात याचे एक उदाहरण तामिळनाडूतच आहे. १९९९ साली चेन्नईस ‘तामिळनेट ९९’ ही परिषद झाली. संगणकावर तामिळ लिहिण्याच्या नाना परस्परविसंगत पद्धती त्या वेळी प्रचलित होत्या. परिषदेने एक कळफलक ठरविला, शासनाने तो मान्य केला, आणि ‘तामिळ ९९’ या नावाने तो आजही वापरात आहे. भाषाविषयक परिषदेचा ठराव लोकांच्या बोटांपर्यंत पोहोचला, असे याबाबतीत म्हणता येईल.

मोडीच्या वाट्याला असा निर्णय उशिरा आला. यूनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत, २०१४ साली, मोडी अक्षरांना स्वतंत्र संकेतांक मिळाले. त्याच आवृत्तीत ग्रंथ लिपीही समाविष्ट झाली. तंजावरच्या दृष्टीने हा योग अर्थपूर्ण आहे. कारण सरस्वती महाल ग्रंथालयातील संस्कृत पोथ्यांचा मोठा भाग ग्रंथ लिपीत आहे. तथापि संकेतांक मिळणे म्हणजे वाचता येणे नव्हे. संकेतांकामुळे मोडी अक्षर यंत्रात साठविता येते. कागदावरचे अक्षर कोणते हे त्यामुळे कळत नाही.

येथे तंजावरच्याच एका प्रसंगाचा विचार उद्बोधक ठरेल. तंजावर येथे १९८१ साली तामिळ विद्यापीठ स्थापन झाले. त्या दशकात विद्यापीठात दोन वेगळी कामे झाली. एकीकडे तंजावरच्या मराठा राजांच्या मोडी कागदपत्रांचे तामिळ भाषांतर हाती घेण्यात आले आणि ते ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाले. हे काम मोडी जाणणाऱ्या माणसांनी हाताने केले. दुसरीकडे रशियन भाषेतील वैज्ञानिक मजकुराचे तामिळमध्ये यांत्रिक भाषांतर करण्याचा प्रयोग झाला. एका कामात जुनी लिपी आणि मनुष्याचा डोळा, दुसऱ्यात नवे यंत्र आणि परकी भाषा! दोहोंचे साध्य मात्र एकच होते: एका भाषेतील आशय तामिळमध्ये आणणे. त्या काळच्या यंत्रांची मर्यादा लक्षात घेता ही दोन कामे तेव्हा एकत्र येणे शक्य नव्हते. आज ते शक्य आहे, आणि हाताने केलेले ते भाषांतर यंत्राला शिकविण्यासाठी अत्यंत मोलाचे साधन होऊ शकते. कारण मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवल्यावाचून यंत्र शिकत नाही.

आता मोडी वाचनातील अडचण नेमकी काय आहे ते पाहू. मोडी लेखक आधी शिरोरेषा ओढून घेतो आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. सोयीसाठी रचलेले एक उदाहरण घेऊ. हिशेबाच्या ओळीत ‘दोनशेते’ अशी अक्षरे आली. ती ‘दोन शेते’ अशी तोडावयाची, की ‘दोनशे ते’ अशी तोडून पुढे ‘तीनशे’ येण्याची वाट पाहावयाची? जाणता वाचक क्षणात निर्णय करतो, कारण तो पुढची ओळ आणि खालची बेरीज पाहतो. यंत्राला हे शिकवावे लागते. संस्कृतातील संधिविच्छेदाचा प्रश्न याच जातीचा आहे, आणि संस्कृत संगणकीय भाषाविज्ञानाच्या परिषदांत त्यावर बरेच काम झालेले आहे. ते मोडीला उपयोगी पडण्यासारखे आहे.

तर्कशास्त्राचा संबंध येथेच येतो. एका ओळीची चार वाचने संभवत असतील, तर त्यांपैकी कोणती इतर ज्ञात गोष्टींशी विसंगत आहेत हे ठरवून ती बाद करणे, हे अनुमानाचे काम आहे. हिशेबाच्या कागदात रकमांची बेरीज जुळली पाहिजे. कालनिर्देशात शक आणि संवत्सराचे नाव एकमेकांशी जुळले पाहिजे. शके १७२५ हे रुधिरोद्गारी संवत्सर होय. शकाचा शेवटचा अंक पुसट असला, पण संवत्सराचे नाव स्पष्ट असले, तर दहा शक्यतांपैकी नऊ आपोआप गळतात. कारण साठ वर्षांच्या चक्रात ते नाव एकदाच येते. जुने इतिहाससंशोधक हीच रीत वापरीत आले. तर्कशास्त्राच्या परिषदांत अशा नियमांचे आकारिक रूप कसे द्यावे याचा विचार होतो. आणि अक्षरओळखीच्या यंत्राला या नियमांची जोड मिळाली तर ते निव्वळ आकृती पाहून अंदाज करणार नाही, संदर्भाने निर्णय करील.

तंजावरच्या दप्तरात याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे, ती शब्दार्थाची. ‘कलम’ हा शब्द घ्या. मराठी वाचकाला त्यातून लेखणी, करारातील बाब किंवा झाडाचे कलम हे अर्थ सुचतात. पण तामिळ प्रदेशात ‘कलम’ हे धान्याचे माप आहे, आणि कावेरीच्या खोऱ्यातील हिशेबात त्याच अर्थाची अपेक्षा धरली पाहिजे. केवळ महाराष्ट्रातील मराठीवर शिकविलेले यंत्र येथे भाताच्या राशीतून लेखण्या काढील! गावांची नावे आणि मापे तामिळ, कारभाराची परिभाषा बरीचशी फार्सी, आणि क्रियापदे मराठी, अशी या कागदांची घडण आहे. राजदरबारातील साहित्याचीही हीच गोष्ट. शाहजी राजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) नावावर असलेल्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तेलुगू, तामिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा पात्रांच्या तोंडी येतात. आजच्या परिषदांत ‘मिश्रभाषी मजकूर’ हा नवा विषय म्हणून चर्चिला जातो. तंजावरला तो तीन शतकांपूर्वी रंगभूमीवर होता.

मराठीसाठी आजवर जी कसोटीची सामग्री तयार झाली, तिचा कल कोणीकडे आहे? २००८ साली सुरू झालेल्या ‘फायर’ या माहितीशोधनाच्या मंचाने मराठीचा मजकूर उपलब्ध करून दिला, ही मोठी कामगिरी होय. पण तो मजकूर वृत्तपत्रांतला आहे. वृत्तपत्रीय गद्य विपुल असते, छापील असते, आणि त्यातील शब्द सुटे असतात. म्हणून आरंभ तेथून होणे स्वाभाविकच. धोका आहे तो पुढे. यंत्राने ज्या मराठीवर शिक्षण घेतले तीच मराठी प्रमाण मानली जाते, आणि तीत न बसणारे रूप ‘चूक’ म्हणून दुरुस्त केले जाते. तंजावरच्या कागदातील एखादे दाक्षिणात्य रूप असे दुरुस्त झाले, तर यंत्राने कागद वाचला असे होणार नाही. त्याने पुरावा पुसला असे होईल.

डिसेंबर २०२२ मध्ये तामिळ इंटरनेट परिषद तंजावर येथे, तामिळ विद्यापीठात भरली. १९९७ साली सिंगापूर येथे सुरू झालेली ही परंपरा अशा प्रकारे दप्तराच्या गावी पोहोचली. या विषयाचे जाणकार आणि मोडीचे रुमाल यांच्यात आता अंतर उरले आहे ते मैलांचे नाही. ते विद्याशाखांचे आहे. आणि ते कमी करण्याचे काम संगणकतज्ज्ञांकडे सोपवून भागणार नाही.

साहित्य आणि इतिहास यांच्या अभ्यासकांनी करावयाचे काम मर्यादित आणि निश्चित स्वरूपाचे आहे. दप्तरातील निरनिराळ्या हस्ताक्षरांची आणि निरनिराळ्या विषयांची काहीशे पृष्ठे निवडावी. प्रत्येक पृष्ठ दोन वाचकांनी एकमेकांचे न पाहता देवनागरीत उतरवावे. जेथे त्यांची वाचने भिन्न होतील तेथे दोन्ही ठेवावी, कारण मतभेदाची जागा हीच यंत्राच्या खऱ्या परीक्षेची जागा असते. मूळातील रूपे ‘शुद्ध’ करू नयेत. तामिळ शब्दांवर तामिळ जाणणाऱ्याने टीप द्यावी. असा लहानसा संग्रह तयार झाला, तर तो कोणत्याही परिषदेत सामायिक कसोटी म्हणून मांडता येईल, आणि जगातील संशोधक आपण होऊन त्यावर काम करतील.

या कामाला एक मुदत मात्र आहे. यंत्राचे वाचन बरोबर की चूक हे सांगणारा माणूस असेल तोवरच यंत्राला शिकविता येते. तंजावरची मोडी आणि तामिळ दोन्ही जाणणारे जे मोजके वाचक आज आहेत, त्यांच्या हयातीत ही पृष्ठे उतरवून झाली पाहिजेत. यंत्रे उद्या अधिक चांगली होतील. हे वाचक उद्या असतीलच असे नाही.